अंबरतळ्याची पाणखोली

चैत्रात तळ्याच्या बांधातली मोरी दुरुस्तीला काढली, म्हणून सगळं पाणी सोडून द्यावं लागलं. पाणी हळूहळू उतरत गेलं आणि अंबरतळं गाव रोज सकाळी उठून बांधावर येऊ लागलं. आधी शेवाळलेल्या पायऱ्या वर आल्या. मग कुणाची तरी कधीकाळी बुडालेली होडी, पितळेची एक घागर, बाभळीचं एक उभं खोड. आणि एका सकाळी बारादरीच्या पायाशी, चिखलाच्या वर हातभर, एका दगडी कमानीचा माथा दिसायला लागला.

बारादरी, तो बारा दारांचा जुना मंडप, सगळ्यांच्या ओळखीची होती. तळ्यात पाय बुडवून बसलेली, पारव्यांनी भरलेली, दुपारी कुणी तिथं डबा खायला जायचं, कुणी झोपायला. तिच्याखाली आणखी एक मजला असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. निजामाच्या काळात बांध उंच केला, तेव्हा तळ्याची पातळी चढली आणि खालचा मजला पाण्यात गेला, तो गावाच्या आठवणीतूनही गेला.

नीरजा चौसाळकर त्याच वर्षी बारादरीच्या दुरुस्तीला आली होती. शहरातल्या एका संस्थेनं तिला हे काम दिलं होतं. पन्नाशी ओलांडलेली ही बाई उस्मानपुऱ्यातल्या घरातून सकाळी निघायची, दौलताबादचा घाट चढायची आणि ऊन तापायच्या आत तळ्यावर हजर व्हायची. जुन्या इमारती दुरुस्त करण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. भिंतीत ओल किती आहे ते बघायला ती सरळ भिंतीला गाल लावायची. तिचा चुन्याचा मिस्त्री, याच गावचा कय्युम, पहिल्यांदा ते बघून हसला होता. आता तोही लावायचा.

कमानीतून आत जायला गाळ उपसावा लागणार होता. काम सुरू झालं त्या दिवशी कय्युमची मावशी बांधावरून खाली आली. फिकट हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात चपला. गावात सगळे तिला गौहरआपा म्हणायचे. सत्तरीच्या आसपासची, पण चिखलातून चालताना तिचा पाय कुठं घसरला नाही.

"आत उजव्या भिंतीवर बाया आहेत," ती म्हणाली.

नीरजानं वर बघितलं. आत अजून कुणीच गेलं नव्हतं. "कसल्या बाया, आपा?"

"एकामागं एक चाललेल्या. मागचीचा हात पुढचीच्या खांद्यावर."

"तुम्ही पाहिल्यात?"

"पाहिल्या नाय. हातानं."

मग दगडावर बसून तिनं सांगितलं. तिचे अब्बा तळ्यात शिंगाडे लावायचे. ती एकुलती लेक, म्हणून वेल ओढायला तिला पाण्यात उतरवायचे. लहानपणी ती मासोळीसारखी पोहायची. एकदा वेलाच्या मागं मागं खाली गेली आणि हाताला कमान लागली. आत सगळा अंधार. दम धरून जायचं, भिंतीवर हात फिरवायचा, छाती फुटायच्या आत परत यायचं. मग ती रोजच जायला लागली. घरी कळलं असतं तर पाण्यात पाय ठेवू दिला नसता, म्हणून कुणालाच सांगितलं नाही.

"न् मग?"

"मग काय. लग्न झालं न् पाणी सुटलं."

कय्युम फावडं टेकवून ऐकत होता. "खाला, हे तू मला पण नाय सांगितलं."

"तू विचारलं कधी?"

गाळ वरून वरून निघत गेला. आत गारवा होता, मडक्यात तोंड घातल्यासारखा. उजव्या भिंतीवर चुन्यात उठवलेलं काम खरंच होतं. नीरजानं मऊ कुंचल्यानं, पाणी सोडत सोडत, त्याच्यावरचा चिखल धुवायला घेतला. गौहरआपा दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले, दोन पावलं पुढं येऊन हात उचलला. नीरजानं अलगद त्यांचं मनगट धरलं.

"आपा, हात नको. ओला चुना आहे, निघेल."

आपांनी डोळे उघडले. समोर बाया नव्हत्या. लांब पायांची, लांब मानेची पाखरं होती, भिंतभर, पाण्यातून चालल्यासारखी. प्रत्येकाची मान वळून पुढच्याच्या पाठीवर टेकली होती. अंधारात बोटांना ती मान खांद्यावर टाकलेल्या हातासारखी लागली असणार. खाली, जिथं गाळ कधी हलला नव्हता, तिथं पंखांवर गुलाबी रंगही शिल्लक होता.

"रोहित पक्षी आहेत आपा," नीरजा हळूच म्हणाली. "हिवाळ्यात नाथसागरावर येतात ना, ते."

आपा भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेल्या. मग त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाशी धरून त्या हसल्या, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत राहिल्या.

"तौबा! पाखरं! आणि मी त्यांच्याशी बोलायचे हो. घरचं सगळं सांगायचे, पाण्यात, तोंड मिटून. मधल्या एकीला तर मी अम्मी म्हणायचे."

"वाईट वाटलं?"

"नाय गं बाई." त्या अजून भिंतीकडेच बघत होत्या. "किती देखणी आहेत. मला माहीतच नव्हतं."

त्यानंतरचे दिवस नीरजाला पुढं आठवले ते झोपेत पाहिल्यासारखे. तळ्याच्या मधोमध थोडं पाणी उरलं होतं. दुपार कलली की ऊन त्या पाण्यावर पडायचं, तिथून उसळून कमानीतून आत यायचं आणि भिंतीवर हलायला लागायचं. मग पाखरं चालायची. खरंच चालायची, पाय उचलून, मान हलवत. बघणाऱ्याला आपणच पाण्यात आहोत असं वाटायचं.

गाव बघायला आलं. मग आसपासची गावं, मग वैजापूर, मग संभाजीनगरातून गाड्या. बाहेर बांधावर जत्रेसारखा गलका असायचा, पण कमानीतून आत शिरलं की माणसं आपोआप हळू बोलायची. एक नवरा-नवरी मांडवातून उठून सरळ इथंच आली होती, मुंडावळ्यांसकट. चिकलठाण्याच्या कारखान्यातला एक कामगार रात्रपाळी संपवून आला आणि भिंतीसमोर बसल्या बसल्या झोपला. त्याला कुणी उठवलं नाही. गावानं त्या जागेला पाणखोली म्हणायला सुरुवात केली. नाव कुणी ठेवलं ते कळलं नाही.

उन्हाचा घाट रोज नको म्हणून गौहरआपांनी नीरजाला आपल्या माडीवर राहायला बोलावलं. संध्याकाळी दोघी गच्चीवर बसायच्या. आपा ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढायच्या आणि तळ्याच्या गोष्टी सांगायच्या. नीरजा फारशी बोलायची नाही. नवरा गेल्यापासून तिच्या घरात संध्याकाळी कुणी बोलत नव्हतं, त्याची तिला सवय झाली होती. इथं आपांचा आवाज ऐकता ऐकता ती भिंतीला टेकून डुलक्या घ्यायची आणि जागी झाली की अंगावर चादर असायची.

नगराध्यक्ष विश्वजीत बोर्डे रोज येऊन जायचा. चाळिशीचा, उत्साही, गावावर जीव असलेला माणूस.

"बाई, पाणखोलीभोवती गोल भिंत घालू," तो म्हणाला. "तळं भरलं तरी आत कोरडं राहिलं पाहिजे. खाली उतरायला जिना करू. मंजुरी आणायचं माझ्याकडं लागलं."

नीरजाला ते पटलं. तिनं स्वतः त्या भिंतीचं चित्र काढलं. इतक्या वर्षांत ती ढासळणाऱ्या गोष्टींना टेकू देत आली होती. इथं पहिल्यांदाच काहीतरी आपण होऊन वर आलं होतं. ते पुन्हा बुडू द्यायचं नाही, यात विचार करण्यासारखं तरी काय होतं?

वैशाखाच्या मध्यावर तिला फरशीवर पीठ दिसलं. भिंतीच्या कडेनं, बारीक, गुलाबीसर. तिनं बोटावर घेतलं, चिमटीत चोळलं. मग भिंतीला गाल लावला. भिंत कोरडी होती. चुन्यातून पांढरं मीठ फुटून वर आलं होतं आणि त्याच्यासोबत रंग सुटत होता.

तिनं आणि कय्युमनं ओली पोती लावली. एका बाजूची सतत ओली ठेवली, दुसरीकडची मधून मधून वाळू दिली. ओल्या बाजूचं काम जसंच्या तसं राहिलं. वाळलेल्या बाजूची एक चोच नुसत्या वाऱ्यानं गळून पडली.

"ह्याला हवाच सोसत नाय," कय्युम म्हणाला.

"पाण्यात होतं म्हणून टिकलं," नीरजा म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "आपण वाचवतोय म्हणून मरतंय ते."

त्या संध्याकाळी तिनं आधी विश्वजीतला सांगितलं. पाणखोली मऊ गाळानं भरायची आणि तळं पुन्हा चढू द्यायचं, दुसरा उपाय नाही. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"बाई, आमच्या गावाचं नाव आजवर फक्त टँकरच्या यादीत यायचं," तो म्हणाला. "पहिल्यांदा कुणीतरी आमच्याकडं काहीतरी बघायला येतंय. तुम्ही म्हणता ते पुरून टाका. लोकांना काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"खरं ऐकायला कोण येतं हो."

गच्चीवर गौहरआपांना सांगणं त्याहून अवघड गेलं. आपा भाकरी थापत होत्या. हात थांबले नाहीत.

"रोज ओलं ठेवा की," त्या म्हणाल्या. "मी मारते पाणी. मला काय काम आहे?"

"वरून मारलेलं पाणी पुरत नाही आपा. ओलं, सुकं, पुन्हा ओलं, त्यानं तर जास्तच फुटतं."

"तुमचं बरंय. तुम्ही औरंगाबादला जाल, दुसरी भिंत बघाल. मी कुठं जाऊ? आता मला बुडी मारता येत नाय. सगळं आयुष्य हातात धरलं न् आत्ता कुठं डोळ्यांनी दिसलं. ते पण चार दिवस?"

"आपा, ती पाखरं राहावीत म्हणूनच—"

"कुणासाठी राहावीत?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी नीरजा उठली तेव्हा घरात कुणी नव्हतं. आपा पहिल्या एसटीनं लेकीकडं वैजापूरला निघून गेल्या होत्या. चुलीपाशी मात्र ताटाखाली झाकलेल्या भाकरी होत्या, आणि दुधाचं पातेलं मांजरापासून जपून वर टांगलेलं.

नगरपालिकेत सभा झाली. नीरजाला नीट बोलता आलं नाही. तिला भिंतींची भाषा यायची, सभेची नाही. कुणी म्हणालं, काच लावा. कुणी म्हणालं, पाखरं कापून शहरातल्या संग्रहालयात ठेवा. बहुतेकांचं म्हणणं होतं की निदान पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबू. विश्वजीतनं कुणाचीच बाजू घेतली नाही. निर्णय न होता सभा उठली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो एकटाच पाणखोलीत जाऊन बसला. कय्युमनं त्याला आत जाताना पाहिलं होतं. बराच वेळ झाला तरी तो वर आला नाही, म्हणून नीरजा खाली गेली. तो फरशीवर मांडी घालून बसला होता. त्याच्यासमोर पाखराचा एक अख्खा पंख पडला होता, पडता पडता भुगा झालेला.

"मी हात पण लावला नाय बाई," तो म्हणाला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "नुसता बसलो होतो. माझ्या डोळ्यांदेखत पडला. आवाज पण नाय झाला."

नीरजा त्याच्या शेजारी बसली.  भिंतीवर उजेड हलत होता आणि उरलेली पाखरं चालत होती, तुटलेल्या जागेवरून पुढं.

"मोरी झाली दुरुस्त," उठताना विश्वजीत म्हणाला. "वरच्या धरणातून पाण्याचं उन्हाळी आवर्तन सुटणार आहे. मी फोन करतो. पाट आपल्या तळ्याकडं वळवायला सांगतो."

गावाला त्यानं स्वतः सांगितलं, चौकात उभं राहून. शिव्याही खाल्ल्या. ज्यांना पटलं नाही ते आले नाहीत. पण ज्या बायांनी पाखरं पाहिली होती त्या बऱ्याच आल्या. जुनी मऊ धोतरं, ओढण्या, बाळंतपणातली धुवट पातळं घेऊन आल्या. आधी भिंतीवर ओलं कापड लावायचं, त्यावर तळ्याचाच गाळ चाळून, लोण्यासारखा मळून, हातानं दाबत भरत जायचं, असं नीरजानं दाखवून दिलं. यंत्र आत न्यायचं नव्हतं. घमेली हातोहात चालली. कुणीतरी जात्यावरची ओवी गुणगुणायला लागलं. दुसऱ्या कोपऱ्यातून कुणी दख्खनी लोरी. दोन्ही चाली त्या गारव्यात एकमेकींत मिसळून गेल्या.

काम अर्ध्यावर आलं असताना कमानीत सावली पडली. गौहरआपा उभ्या होत्या. एसटीतून उतरून तशाच आल्या होत्या, काखेत पिशवी. कय्युमनं फोन केला होता.  आपा लुगडं खोचून गाळाच्या ढिगाशी बसल्या आणि मळायला लागल्या.

नीरजा त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"आपा, रागावलात?"

"व्हय. अजून आहे राग." त्यांनी गाळाचा गोळा उचलून पुढं केला. "रागात हात चांगला चालतो. कुठं लावू?"

"मधलं ठेवलंय तुमच्यासाठी."

आपा भिंतीपाशी गेल्या. ओल्या कापडाखाली पाखराची मान उठून दिसत होती. त्यांनी गोळा तिच्यावर ठेवला आणि तळहातानं दाबला, पोराच्या टाळूला तेल घालतात तसा. मग दुसरा. मग तिसरा. शेजारच्या बायांनी आपापली कामं न सांगता थोडी बाजूला सरकवली. आपा काहीतरी पुटपुटत होत्या. पाखरांना सांगत होत्या की अल्लाला, ते नीरजाला ऐकू आलं नाही, आणि तिनं ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

काही दिवसांनी पाट वळला. पाणी आलं ते गाजावाजा न करता, ढेकळं भिजवत, भेगांत शिरत. तळ्याच्या कोरड्या पोटातून आधी नुसता वास उठला. मग चकाकणारी एक पट्टी बारादरीकडं सरकत आली. संध्याकाळपर्यंत कमानीच्या उंबऱ्याशी पोचली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कमान दिसेनाशी झाली. बांधावर उभी असलेली माणसं एकेक करून जेवायला घरी गेली. विश्वजीत सगळ्यांत शेवटी गेला. पुढं बरेच दिवस लोक त्याला टोमणे मारत राहिले. मग तेही कमी झालं. तळ्यात पाणी असल्यानं त्या उन्हाळ्यात गावात टँकर आला नाही, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

बांधावर नीरजा आणि गौहरआपा दोघीच उरल्या.

"तुम्हाला पोहता येतं का?" आपांनी एकाएकी विचारलं.

"नाही."

"एवढं पाण्यापाशी काम केलं तुम्ही, अन् पोहता येत नाय?" आपांना हे खरोखरच पटत नव्हतं. "मग शिका. बुडी मला जमत नाय, पण शिकवता येतं."

"या वयात आपा?"

"पाणी काय वय विचारतंय?"

बारादरीचं वरचं काम दिवाळीपर्यंत चाललं. ते संपल्यावरही नीरजा रविवारी घाट चढून येत राहिली. उजाडताना बायांच्या घाटावर कुणी नसायचं. पाण्यावर पातळ धुकं असायचं, पलीकडच्या मशिदीतून अजान यायची, आणि मग देवळातली घंटा. जुना पंजाबी ड्रेस घालून नीरजा कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची, दात वाजायचे. पहिल्या काही वेळेला ती नुसती गटांगळ्या खाऊन परतली. आपा पायऱ्यांवरून ओरडायच्या, "मान सोडा! मान कशाला धरून ठेवलीय, कोण नेतंय का तुमची मान?" मग स्वतःच लुगड्यासकट पाण्यात उतरायच्या.

माघात एका सकाळी आपांनी तिला उताणं झोपवलं आणि पाठीखाली तळहात धरला.

"डोळे उघडे ठेवा," त्या म्हणाल्या. "वर बघा. श्वास मोठा घ्या. न् काय करू नका."

नीरजानं काही केलं नाही. कान पाण्याखाली गेले आणि गावाचे आवाज थांबले. आपांचा आवाजही बंद झाला. नुसते त्यांचे हलणारे ओठ दिसत होते, मग तेही दिसेनासे झाले. वर आभाळ राखाडी होतं, हळूहळू उजळत होतं. खालून कुठूनतरी स्वतःच्याच काळजाचे ठोके येत होते, संथ, मोठे. पाय वर आले, हात आपोआप पसरले. पाठीखालचा तळहात कधी निघून गेला ते तिला कळलं नाही.